यीस्टची पेशी आणि आईची गाठ

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना नगरच्या कॉलेजात आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट पाहिलं. एका पेशीला कोंब फुटून दुसरी तयार होत होती. सर म्हणाले, "पेशीनं कधी विभागायचं आणि कुठं थांबायचं, हे सांभाळणारी जनुकं परदेशात नुकतीच यीस्टमध्ये सापडलीत."

त्याच सुमारास आईच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणत होते, पण ती ऐकत नव्हती. केडगावला घरी शेंगा फोडता फोडता मी तिला यीस्टचं सगळं सांगितलं. शाळेत कधी न गेलेल्या आईनं ते मन लावून ऐकलं.

"मंग माज्या गाठीला कुनी थांब म्हनलं न्हाई व्हय?"

"तसंच काहीतरी असेल. अजून कुणालाच नक्की माहीत नाही."

"म्हंजे माज्या पापाचं फळ न्हाई ते?"

शेजारच्या बायका तिला काय ऐकवत होत्या, ते मला तेव्हा कळलं. "नाही, आई," मी म्हणाले. "यात तुझं काहीच चुकलेलं नाही."

तिनं हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "उद्या जाऊ दवाखान्यात."

ऑपरेशन करून गाठ काढली आणि आई त्यानंतर बरीच वर्षं शेतात राबली.