शारजातला माझा होमरन

अमरावतीच्या कॉलेजात मी सॉफ्टबॉल खेळायचे. नव्वदच्या दशकात लग्न होऊन शारजाला आले, तेव्हा ऑफिसमधल्या एका फिलिपिनो मैत्रिणीने मला तिच्या शुक्रवारच्या, म्हणजे सुट्टीच्या दिवशीच्या, सॉफ्टबॉल टीममध्ये नेलं. माझा फटका लांब जायचा, पण पळण्यात मी अगदीच मंद. त्यामुळे कुणी गैरहजर असेल तरच कोच मला खेळवायचे. दोन सीझन मी बहुतेक बाकावरच काढले.

एका सामन्यात आम्ही दोन रन्सनी मागे होतो. शेवटची इनिंग होती, आमच्या दोघी बेसवर होत्या आणि बॅटिंगला निघालेल्या मुलीचा पाय मुरगळला. कोचनी नाइलाजाने माझ्याकडे पाहिलं. "यल्ला, तू जा!"

पहिले दोन चेंडू हुकले. तिसरा बॅटच्या मधोमध बसला आणि कुंपणावरून शेजारच्या गॅरेजच्या पत्र्यावर धाडकन आदळला. मी रमतगमत बेस घेऊ लागले, तसा नवरा बाहेरून ओरडला, "अगं, पळ की!"

"कशाला? बॉल गेला ना बाहेर!"

बेसवरच्या दोघी आणि मी, असे तीन रन्स मिळाले, आम्ही जिंकलो. घामाघूम कोच हात मिळवत म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपासून तू पहिल्या नऊत. खलास, ठरलं."

पुढची सहा वर्षं ती जागा माझीच होती.