खालच्या थराचा खांदा

सुभद्राबद्दल सांगायचं तर मी काही चांगला माणूस नाही, हे आधीच बोलून ठेवतो.

लालबागला आमच्याच चाळीत वरच्या माळ्यावर राहते ती. नवरा गेल्यावर लोअर परळच्या एका जिममध्ये थाई मसाज शिकली. तेलबिल काही नाही. अंगावरच्या कपड्यांत माणसाला गादीवर झोपवायचं, अंगठ्याने, कोपराने, कधी पायाने दाबायचं, सांधे ताणून मोकळे करायचे. व्यायामाने आखडलेली साहेबमंडळी तिच्यासाठी ताटकळत बसायची. चाळीतल्या बायका मात्र 'मसाजवाली' म्हणून तोंड वाकडं करायच्या. आम्ही पुरुष त्याहून वाईट बोलायचो. खोटं कशाला सांगू?

आणि गुरुपौर्णिमेला गोविंदाचा सराव सुरू झाला की त्याच मसाजवालीपुढे आमची रांग! मी विकास, पथकाचा कोच. सराव संपला की मंडळाच्या खोलीत ती एकेकाची पाठ मोकळी करायची. फुकट, वर दम देऊन. "गप पड रे मेल्या, मरत नाय तू!"

गेल्या वर्षी पथकातल्या गौतमचा उजवा खांदा दुखायला लागला. खालच्या थरात मधोमध आधी त्याचे वडील उभे राहायचे, मग तो. आमच्याकडे ती जागा घरातच राहते, सोडली तर चाळीत नाक कापलं जातं. सुभद्राने खांदा चाचपला आणि हात काढून घेतला. मला बाजूला नेलं.

"विकासभाऊ, हे आखडलेलं नाय. आत फाटलंय. मी ताणणार नाय. डॉक्टरला दाखवा, थराखाली उभा केलात तर हात कायमचा जाईल."

मी हो हो म्हटलं. गौतमला सांगितलं, "काय नाय रे, आखडलाय जरासा." मला आठ थर लावायचे होते.

हंडीच्या दिवशी सातवा थर चढताना त्याचा खांदा गेला. सगळे कोसळले. बाकीच्यांना खरचटलं, गौतमचा हात लोंबायला लागला. संध्याकाळी चाळ जमली. कुणीतरी म्हणालं, मसाजनेच वाट लावली. सरावानंतर तोही तिच्याकडून पाठ मोकळी करून घ्यायचा, म्हणून गौतमनेही मान डोलावली.

सुभद्रा माझ्याकडे वळली. "भाऊ, मी काय सांगितलेलं तुम्हाला? बोला ना."

"मला? मला नाय बुवा काय बोललीस."

ही बोंब जिमपर्यंत गेली, तिचं काम सुटलं. आता दादरच्या एका पाळणाघरात लादी पुसते.

ऑपरेशन होऊनही गौतमचा हात छातीच्या वर जात नाही. रोज व्यायाम करतो आणि रडतो. डॉक्टर म्हणाले, व्यायामाच्या जोडीला कुणा जाणकाराकडून सांधा हळूहळू ताणून घे. रविवारी तो सुभद्राच्या दारात गेला. ती म्हणाली, "देते की. विकासने चाळीसमोर खरं सांगू दे, त्याच दिवशी हात लावते."

तो तडक माझ्याकडे आला. "भाऊ, ती बोललेली ना तुम्हाला? एकदाच सांगा सगळ्यांना. पाया पडतो."

लाज वाटली. आईशपथ, खूप वाटली. पण चाळ माझ्या तोंडावर थुंकली असती, आणि पथकही गेलं असतं हातातून.

मी म्हटलं, "तुझ्या जागेवर दिनेशला घेतलाय रे. आता कशाला हवाय तुला खांदा?"