भिंगरीचं व्याकरण

आमच्या भाषाशास्त्र विभागात त्याला सगळे कानसेन म्हणायचे. समोरचा माणूस काय सांगतोय यापेक्षा तो कसं सांगतोय, इकडेच त्याचं लक्ष. जिन्यात कुणाचं भांडण जुंपलं की हा चार पायऱ्या खाली उभा. भांडण सोडवायला नव्हे, शब्द टिपायला. आमचा शिपाई एकदा वैतागून म्हणाला होता, "सर, मी मेलो तरी तुम्ही आधी विचाराल, 'मेलो' म्हणालास की 'मरलो'?"

त्याची बायको एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. डोळ्यात तेल घालून काम करणारी बाई. "आमच्या घरात एक जण चुका काढतो आणि एक जण चुका जमवतो," असं ती हसत सांगायची, आणि ते खरंच होतं. मुलं व्याकरण कशी शिकतात हा कानसेनच्या संशोधनाचा विषय होता, आणि तो मुलांच्या चुकांवरच उभा होता.

मला त्याने हा विषय पहिल्यांदा समजावला तेव्हा आम्ही दोघं नुकतीच नोकरीला लागलो होतो, एकाच खोलीत समोरासमोर टेबलं. तो म्हणाला, "मूल सुरुवातीला अगदी बरोबर बोलतं. 'आई आली.' ऐकलं तसं म्हटलं. मग एक दिवस बिघडतं. बसणे-बसली, हसणे-हसली, पडणे-पडली, मग येणे? येली! जाणे-जाली, करणे-करलं. हे त्याला कुणीही शिकवलेलं नसतं. म्हणजे पोपटपंची संपली, नियम सापडला. पुढे कधीतरी ते परत 'आली'वर येतं, पण आता समजून."

इतर पाच-सहा भाषांमधली अशी उदाहरणं त्याने ओळखीपाळखीतून गोळा केली होती. प्रत्येक भाषेत मोडणारे शब्द वेगळे, मोडण्याचं वय थोडं पुढेमागे, पण वाट तीच. आपल्या भाषेतल्या एका मुलाचं पहिल्या शब्दापासूनचं बोलणं मात्र त्याच्याकडे नव्हतं. मग त्याला मुलगी झाली.

घरभर गरगर फिरायची म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. ती बोलायला लागली तशी दर रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर टेपरेकॉर्डर यायचा. भिंगरी भात चिवडत बोलायची, बाप ऐकायचा. शब्द पाडण्यात तर ती टाकसाळच होती. झाकायचं ते झाकण, म्हणून किल्लीला म्हणायची 'उघडण'. चाळणी, गाळणी, किसणी स्वयंपाकघरात होत्याच, तशी एक 'पुसणी'पण तिने काढली. सोमवारी सकाळी कानसेन हे सगळं मला सांगायचा आणि आमचा चहा निवून जायचा.

एकदा मी त्यांच्याकडे असताना दाराची घंटा वाजली. भिंगरी खुर्चीवरून ओरडली, "बाबा, मावशी येली!"

"आली," तिची आई म्हणाली.

"ए, सुधारू नकोस ना."

"अरे, माझं पोट त्यावर चालतं!"

"ती चुकत नाहीये. येणं-येली हेच सरळ आहे. वाकडी भाषा आहे."

"हे तिच्या शाळेत जाऊन सांग."

"आपोआप सुटेल गं. कधी सुटतं, कसं सुटतं, तेच तर मला बघायचंय. तू सुधारलंस तर मला काय कळणार?"

तिने दोन्ही हात वर केले. "बरं बाबा. तुझी मुलगी, तुझं व्याकरण." आणि तिने शब्द पाळला. भिंगरीला कुणीही सुधारायचं नाही हा त्या घराचा नियम झाला.

भिंगरी चौथ्या वर्षात असताना तिला ताप भरला. आधी साधा वाटला. दुसऱ्या दिवशी तिला मान वाकवता येईना, उजेडाकडे बघवेना. रुग्णालयात नेलं तेव्हा डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला. मी भेटायला गेले तर दोघं बाकावर बसलेली, मध्ये तिची छोटी पिशवी. आठवडाही निघाला नाही. ती शुद्धीवर न येताच गेली.

येणारे-जाणारे ओसरल्यावर एका दुपारी तिची आई मोरीपाशी कप विसळत होती. मी पुसून ठेवत होते, कानसेन दारात उभा होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "तिला एकदाही बरोबर बोलू दिलं नाहीस."

त्याच्याकडे उत्तर होतं. सुधारल्याने मुलं सुधारत नाहीत, हे त्याच्याच कामातून दिसत होतं. त्याला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही होतं. तो दारातून बाजूला झाला. तिने पुढचा कप घेतला.

त्यानंतर त्याने संशोधन सोडलं. तास घ्यायचा, पेपर तपासायचा, घरी जायचा. जिन्यात कुणी भांडलं तर बाजूने निघून जायचा. ती छापखान्यात जास्तीचं काम मागून घ्यायची. एका घरात दोघं पाहुण्यांसारखी राहत होती. मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं.

अशी बरीच वर्षं गेली. शेवटी आमच्या विभागप्रमुख बाई निवृत्त व्हायच्या आधी त्याला म्हणाल्या, "पुरं कर रे ते. माझ्या डोळ्यांदेखत कर." तो बसला. इतर भाषांची प्रकरणं भराभर झाली. भिंगरीच्या प्रकरणाला फार वेळ लागला. टेप ऐकताना तो दार लावून घ्यायचा आणि मी ग्रंथालयात जाऊन बसायचे.

प्रबंधात तिला नाव नव्हतं, नुसतं 'बालिका' होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. मायाळू, हसतमुख. प्रबंध त्यांना मनापासून आवडला होता. पानं चाळत त्या म्हणाल्या, "एकच शंका. प्रत्येक मुलाचा आलेख वर जातो आणि परत उतरतो. या बालिकेचा वरच राहिलाय. 'येली' कमी होताना दिसतच नाही. आता तर मोठी झाली असेल ती. अजून 'येली' म्हणते की काय?"

"नाही," कानसेन म्हणाला. "आता म्हणत नाही."

"मग पुढची नोंद का नाही घेतलीत?"

त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. विभागप्रमुख बाईंनी पुढे वाकून परीक्षकांच्या कानात दोन शब्द सांगितले. त्या बाईंचा हात तोंडाशी गेला. त्यांनी प्रबंध मिटून ठेवला. पदवी मिळाली. आम्ही पेढे-बिढे काही मागितलं नाही.

प्रबंधाचं पुस्तक व्हायचं ठरलं आणि योगायोगाने ते त्याच्या बायकोच्याच छापखान्यात आलं. तिच्या शेजारी एक म्हातारे मुद्रितशोधक बसायचे. पुस्तक कुणाचं आहे ते बघून, वहिनींना त्रास नको म्हणून त्यांनी मुद्रितं स्वतःकडे घेतली. मुलीबद्दल त्यांना माहीत होतं, पण पुस्तक कशाबद्दल आहे हे काही कळलं नव्हतं. काम संपवून ते तिला म्हणाले, "रागावू नका वहिनी, पण तुमच्या ह्यांनी फार अशुद्ध लिहिलंय हो. सगळं सुधारून ठेवलंय."

तिने गठ्ठा ओढून घेतला. भिंगरीचं प्रकरण उघडलं. प्रत्येक 'येली' खोडून 'आली' केलेलं. 'जाली'चं 'गेली'. 'करलं'चं 'केलं'. लाल शाईत, सुवाच्य. पानामागून पान तिची मुलगी शुद्ध बोलत होती.

"क्षणभर वाटलं, असू दे," तिने मला नंतर सांगितलं. "कोण बघतंय? छापून येऊ दे असंच."

मग तिने पेन उघडलं. खोडलेल्या एकेका शब्दाखाली टिंबं दिली आणि समासात लिहीत गेली, 'आहे तसं ठेवा'. दुपारभर तेच. म्हातारबुवा चष्मा काढून बघत राहिले. त्यांना कळलं तेव्हा ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी ती मुद्रितं घेऊन थेट विभागातल्या आमच्या खोलीत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गठ्ठा त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "एका जागी तू चुकलायस. 'पुसणी'चा अर्थ टॉवेल दिलायस."

"टॉवेलच ना?"

"नाही. माझी बाही. तोंड पुसायला ती टॉवेल कुठे घ्यायची? माझ्या बाहीला म्हणायची पुसणी. टेपवर दिसणार कसं तुला?"

तो तिच्या बाहीकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "आणखी काय काय मला माहीत नाही?"

मी पर्स उचलून निघाले. खालून पाहिलं तर खोलीतला दिवा चालू होता आणि दोघांचे आवाज येत होते.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पण ती दोघं बोलायला लागली, आणि बोलायची ती बहुतेक भिंगरीबद्दलच. ती कशाला घाबरायची, झोपताना कुणाचा हात धरायची. पुस्तकाच्या फारशा प्रती खपल्या नाहीत. त्याने पुन्हा लहान मुलांवर काम केलं नाही.

गेल्या वर्षी फुप्फुसाच्या आजाराने त्याची बायको गेली. मी भेटायला गेले तेव्हा कानसेन स्वतः चहा करत होता. दाढी वाढलेली, पण घर नीटनेटकं. त्याने माझ्यासमोर कप ठेवला.

मग तो म्हणाला, "भिंगरीबद्दल बोलायला आता कुणी उरलं नाही. तुला काही आठवतं का तिचं?"

"एकदा तू तिला विभागात आणलं होतंस," मी म्हणाले. "तू तासाला गेला होतास. तिने माझ्या चपला घातल्या."

"कशा?"

"उलट्या. डावी उजव्या पायात."

"मग?"

"मग भिंतीपासून दारापर्यंत चालून दाखवलं. आणि पडली."

"रडली?"

"नाही. उठून परत भिंतीपाशी गेली."

त्याने खुर्ची थोडी पुढे ओढली. "सांग," तो म्हणाला. "सावकाश सांग."