जानकीकाकीचा डावा हात

गोष्ट खोटी वाटू लागली की जानकीकाकी आपला लोखंडी हात ओटीवरच्या बाकावर आपटायची. टक्. मी वाचायचं थांबायचो. "आता मागं जा," ती म्हणायची, आणि मी दोन पानं मागं जायचो. पुढच्या आयुष्यात मला पुष्कळ संपादक भेटले. पण माझी खरी संपादक गिरीजच्या वाडीत केळी सोलून सुकेळी वाळत घालणारी ही शेजारीण होती. हे मी आजवर कुठंही लिहिलं नाही.

तिचं माहेर खाडीकडच्या भातशेतीच्या गावचं. 'पानी', 'कोन' असं बोलली की सासरी थट्टा व्हायची. ती म्हणायची, "तुमच्या पाण्यानं तहान जास्त भागते काय?"

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास तिच्या नवऱ्यानं, भास्करकाकांनी, विहिरीवरचा रहाट काढून तेलावरचं इंजिन बसवलं. एका सकाळी काकीचा पदर इंजिनाच्या पट्ट्यात गेला आणि पदरामागोमाग डावा हात. कोपराखाली काही उरलं नाही. मुंबईच्या इस्पितळातून तिला लाकडी हात मिळाला. लांबसडक बोटांचा, गुलाबी, नखंसुद्धा रंगवलेली. काकांना तो फार आवडला. "मी सावळी आनि हात मडमेचा," काकी म्हणाली. "त्यानं माशीसुद्धा हाकलता येत नाही." तो तिनं खुंटीला टांगला आणि माणिकपूरच्या लोहारापुढं स्वतः बसून दुसरा करून घेतला. वर चामड्याचा पट्टा, पुढं एक आकडा आणि एक चिमटा. चिमट्याला सुती चिंधी गुंडाळली की पिकलेलं केळंही दबत नसे.

त्याच वर्षी एका लग्नघरी कासार बायकांना बांगड्या भरत होता. काकीनं उजवा हात भरून घेतला आणि लोखंडी हातही पुढं केला. कासार घुटमळला. तिच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, लोखंडाला कसलं आलंय सौभाग्य? "दिवसभर राबतो, त्याला नको काय?" काकी म्हणाली. "भर रे." कासारानं चामड्याच्या पट्ट्यावर हिरव्या बांगड्या चढवल्या. भास्करकाका लांबून बघून हसले, म्हणून ते तेवढ्यावर निभावलं.

मी तेव्हा शाळेत शिकवत होतो आणि यंत्रांच्या, ग्रहताऱ्यांच्या कथा लिहीत होतो. विज्ञानकथा हा शब्दही नीट रुळला नव्हता. मला मोठी वाटणारी पहिली कथा मी काकीला वाचून दाखवली. एक शास्त्रज्ञ अपघातात सापडलेल्या आपल्या बायकोला पोलादाचं अंग देतो आणि ती पूर्वीपेक्षाही सुंदर होऊन उठते. दुसऱ्याच पानावर बाक वाजला.

"केस सांगितलेस, ओठ सांगितलेस, चाल सांगितलीस," काकी म्हणाली. "तिचा हात काय धरतो ते सांगितलंच नाहीस. त्यानं तिला घडवली, बरं केलं. तिला विचारलं कोनी? आनि ती जेवली काय?"

जेवणाचा प्रश्न ती प्रत्येक कथेला विचारायची. चंद्राकडे निघालेल्या माझ्या प्रवाशांना तिनं भाकरी आणि सुकट बरोबर दिल्याशिवाय उडू दिलं नाही. ऐकून घेण्याची तर तिला सवयच नव्हती. कथा अर्ध्यावर आली की स्वतःच पुढं सांगू लागायची आणि काल जे ठासून सांगितलं ते आज साफ नाकारायची. पण तिच्या त्या प्रश्नानं माझी कथा उलटीपालटी झाली. नव्या कथेतली बायको आपलं अंग आपणच आखते. शास्त्रज्ञ फक्त जोडकाम करतो. पावसाळ्यात सांधे कसे धरतात, नसलेल्या बोटांना खाज कशी सुटते, हे सगळं काकीनं दिलं. मी लिहून घेतलं, एवढंच.

कथा पुरी होण्याआधी भास्करकाका विषमज्वरानं गेले. मी अंगणात होतो. बायकांनी काकीच्या उजव्या हातातल्या बांगड्या फोडल्या. ती रडत होती, तिनं विरोध केला नाही. मोठ्या जाऊबाईंनी डावा हात धरला तेव्हा मात्र तिनं तो मागं घेतला.

"ह्याचं कन्यादान कोनी केलं नाही, वहिनी," ती म्हणाली. "ह्याला मी करून घेतलाय. ह्याच्या बांगड्या माझ्या आहेत."

जाऊबाईंनी हात सोडला. बांगड्या राहिल्या.

मी कथेचा शेवट तोच केला. शास्त्रज्ञ मरतो, पोलादी हातातल्या बांगड्या ठेवून बायको कामाला लागते. मुंबईच्या एका मासिकाला कथा आवडली, शेवट सोडून. संपादकांनी कळवलं की हे वाचक भगिनींना रुचणार नाही. मी एका संध्याकाळी बसून शेवट बदलला. माझी पोलादी बाई आपल्या हातानं बांगड्या फोडते आणि नवऱ्याच्या पायाशी बसून आपल्या अंगातली वीज कायमची बंद करते. मासिकानं कथेला 'पोलादी गृहलक्ष्मी' असं नाव दिलं. तिच्यामुळं माझं नाव झालं. भारतीय स्त्रीचं मन मला उमगलंय, असं लोकांनी लिहून कळवलं.

तो अंक गिरीजलाही आला. मोठ्या जाऊबाईंनी ओटीवर सगळ्यांदेखत कथा वाचून घेतली आणि काकीला म्हणाल्या, "बघ, यंत्राच्या बाईलासुद्धा रीत कळते." घरात पुतणीचं लग्न तोंडावर होतं. त्या हातात बांगड्या ठेवून काकीनं मांडवात पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. पुतणीला काकीनंच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तिनं बांगड्या उतरवल्या. त्यानंतर तो हात मोकळाच राहिला.

मी भेटायला गेलो. ती केळी सोलत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी बोलले ते त्यांना खरं वाटलं नाही. तू छापलंस ते वाटलं."

मी म्हणालो, काकी, मला वाटलं नव्हतं असं होईल.

"बस," ती म्हणाली. "खाऊन जा."

मी पुन्हा जाणार नव्हतो. तिनंच निरोप धाडला, नवीन काय लिहिलंस म्हणून. पुढची कितीतरी वर्षं मी तिच्यापुढं वाचत राहिलो आणि ती बाक वाजवत राहिली. माझ्या कथांतल्या यंत्रबायांना भूक लागते, त्या थकतात, कुरकुरतात, आपलं अंग आपण दुरुस्त करतात, याबद्दल मला शाबासकी मिळाली. ती सगळी काकीची आहे. मला एवढं देऊन तिनं कधी साधं नाव लावायला सांगितलं नाही. एकदाच म्हणाली होती, त्या पहिल्या कथेचा शेवट नीट कर. मी म्हणालो, छापून झालं, आता काय. ते सोयीचं उत्तर होतं.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला विचारलं की शेवट कसा हवा होता. ती जाऊन आता खूप वर्षं झाली. ज्यांच्याकडं तो जुना अंक असेल त्यांनी शेवटचा परिच्छेद खोडून हा वाचावा. शब्द तिचे आहेत.

"तो मेला. ती रडली. तेरावं केलं, लोकांना जेवू घातलं, आपन जेवली. मग विहिरीवर गेली, बागेला पानी कोन देनार? बांगड्या ठेवल्या का उतरवल्या ते तू लिहू नको. ते तिला विचार."