पाच मुलांचा चुलता

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरूनही गेलो. ही एक घटना मात्र डोक्यातून जात नाही. अजूनही आठवली की हातातला चहा तसाच राहतो.

चंदीगडमध्ये तेव्हा मी एका ठाण्याचा प्रभारी होतो. वडील नोकरीसाठी सांगलीहून इकडे आले आणि मी इथेच पोलिसात भरती झालो. घरात मराठी, ठाण्यात हिंदी-पंजाबी, आणि राग आला की तिन्ही.

सकाळची हजेरी आटोपून मी बसतोय, तेवढ्यात एक बाई आली. मनीमाजऱ्याच्या बाजारामागच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये ती रेकॉर्ड सांभाळायची. त्याआधी दुसऱ्या रुग्णालयात होती. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. दोन्हीकडच्या संमतीपत्रांचे फोटो होते. पाच पेशंट, पाच वेगळी आडनावं, वयं सतरा ते चोवीस. सही मात्र एकाच माणसाची, आणि नात्याच्या रकान्यात पाचही ठिकाणी 'चाचा'.

"साहब, ये आदमी कितने बच्चों का चाचा है?" तिने विचारलं.

मी कान टवकारले. परगावची पोरं, घरचं कुणी जवळ नाही, आणि एक म्हातारा सह्या करत फिरतोय. डोक्यात एकच आलं, किडनी! माझा हवालदार तर पैज लावायला निघाला. "जनाब, बंदा पक्का एजंट है."

दुसऱ्या दिवशी नोटीस देऊन त्या माणसाला बोलावलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, सत्तरीचं वय. सरकारी नोकरीतून निवृत्त, सेक्टर तीसला राहणारे, इथल्या एका मराठी मंडळाचे चिटणीस. माझी नावाची पाटी वाचून चेहरा खुलला त्यांचा. "अहो, तुम्ही आपले निघालात की!"

"आपले-बिपले नंतर," मी म्हणालो. "या पाच जणांचे तुम्ही चुलते?"

"हो. म्हणजे, नाही हो साहेब. पण लिहू काय मग? 'मंडळाचा चिटणीस' लिहिलं की काउंटरवरची बाई फॉर्म परत देते. रिश्ता लिखो, म्हणते. पोरं इथे शिकायला, नोकरीला. आईबाप लातूर-नांदेडला बसून फोनवर रडतात, काका, तुम्हीच बघा म्हणतात. मी जातो, सही करतो, घरचा डबा पोचवतो."

तासभर त्यांना उलटसुलट विचारलं, पोरांच्या घरी फोन लावले. माणूस अगदी सरळ निघाला. मला हसू आवरेना. किडनीचोर पकडायला गेलो आणि हाती लागले मंडळाचे काका! त्यांना चहा पाजला, यापुढे खोटं नातं लिहाल तर खबरदार म्हणून दरडावलं, आणि प्रकरण मिटवायला घेतलं.

मिटवण्याआधी सगळे कागद मागवायचे, ही माझी जुनी खोड. तिसऱ्या दिवशी पाचही केसपेपर आले. एक पोरगा अपघातात बेशुद्ध होता, जीव धोक्यात होता. अशा वेळी डॉक्टरला कुणाच्या सहीसाठी थांबावं लागत नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या कागदावर बापाचीही सही होती, कारण अठराच्या आत आईबाप किंवा पालक लागतात. दोघांनी काकांच्या जोडीला स्वतः सही केली होती. इथवर ठीक.

पाचवा पेपर त्या बाईच्या नर्सिंग होमचा. तेवीस वर्षांची मुलगी, मोहालीत सॉफ्टवेअरची नोकरी, तिथल्याच एअरोसिटी वसाहतीत मैत्रिणीबरोबर राहणारी. आठवड्यापूर्वी पोटात दुखलं म्हणून भरती झाली, अंडाशयावर गाठ निघाली. नर्सने हाताने नोंद केली होती. सकाळी नऊ दहा, पेशंट पूर्ण शुद्धीत, ऑपरेशनला नकार, आई उद्या येते आहे तोवर थांबा म्हणते. त्याखाली संमतीपत्र, वेळ सव्वादहा. सही काकांची, नातं चाचा. पेशंटच्या सहीची जागा कोरी. साडेअकराला ऑपरेशन झालं होतं आणि गाठीबरोबर डावं अंडाशयही काढून टाकलं होतं.

मी ते पान तीनदा वाचलं. अठरा पूर्ण झालेल्या, शुद्धीवरच्या माणसाच्या शरीराला हात लावायचा तर परवानगी त्याचीच लागते. बापाची चालत नाही, नवऱ्याची चालत नाही. इथे तर चुलताही खोटा!

काकांना परत बोलावून नोंद वाचून दाखवली. ते पांढरेफटक पडले.

"तिने नको म्हटलं होतं?"

"तुम्ही विचारलं नाही?"

"डॉक्टर म्हणाले घाई आहे, पोरगी घाबरलीय. मी तिच्या बाबांना फोन लावला. ते म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

"आणि ती कुठे होती?"

"आत. दार उघडंच होतं हो. मला पाहून तिने नमस्कारसुद्धा केला." आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला बोलावलं. तो मात्र शांत होता. "गार्जियन ने साइन किया है, सर." मी म्हणालो, लड़की बालिग है. तो म्हणाला, "पर अनमैरिड है जी. फैमिली से ही पूछेंगे ना?" नोकरीत हजार खोटारडे पाहिले. हा खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. मी हादरलो तो त्यामुळेच.

मी वडिलांना फोन केला आणि चौथ्या दिवशी मुलगी त्यांच्याबरोबर ठाण्यात आली. पोटावर हात धरून सावकाश चालत होती. खुर्चीत बसायच्या आत वडील बोलायला लागले. "साहेब, आम्हाला वाढवायचं नाही. लग्न व्हायचंय पोरीचं. आमची तक्रार नाही म्हणून लिहून घ्या, मी सही करतो."

मला बाप दिसला, त्याची काळजी दिसली. ठाण्यातली लिखापढी करणाऱ्या मुन्शीला मजकूर सांगितला, कागद वडिलांकडे सरकवला, वर पेनही दिलं.

"सर," ती म्हणाली. तोवर तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. "पोट माझं कापलंय. सही बाबांची कशाला?"

चार दिवस हे प्रकरण माझ्या टेबलावर होतं. रेकॉर्डवाल्या बाईला विचारलं, काकांना दोनदा विचारलं, डॉक्टरला विचारलं. ज्या पोरीचं अंडाशय गेलं तिला एक फोन करावा, असं मला सुचलं नव्हतं! डॉक्टरवर डाफरणारा मी, माझ्याच ठाण्यात, माझ्याच पेनाने तेच करत होतो.

तो कागद मी फाडला. वडिलांना बाहेर बसवू का, म्हणून तिला विचारलं.

"नको. इथेच बसू दे. त्यांनीही ऐकू दे."

ती दोन तास बोलली. सलाईनमधून इंजेक्शन दिलं तेव्हा तिला वाटलं दुखणं थांबवायचं असेल. जाग आली तर सगळं उरकलेलं. जबाब मी वाचून दाखवायला लागलो तर म्हणाली, मीच वाचते. एक वाक्य खोडायला लावलं आणि मग सही केली. वडील खाली मान घालून रडत होते.

डॉक्टरवर थेट गुन्हा नोंदवता येत नाही, आधी वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय लागतो. तो आला. दोन दिवस थांबता आलं असतं, असं त्यात स्पष्ट होतं. गुन्हा दाखल झाला. खटला अजून चालू आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणसाच्या नातेवाइकाशी बोललो म्हणजे माणसाशी बोललो, असं आपण सगळेच धरून चालतो. काका प्रेमाने धरून चालले, डॉक्टर सवयीने, मी वर्दीच्या तोऱ्यात.

निवृत्तीनंतर साक्षीला गेलो तेव्हा बचावपक्षाच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. "प्रकरण पहिल्या दिवशी कळलं. मग मुलीचा जबाब चौथ्या दिवशी का?" सांगायला कारणं पुष्कळ होती. ती प्रकृतीने अशक्त होती, कागद यायचे होते. तीस वर्षं असंच सांगत आलो होतो. ती समोरच्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "तिला विचारायचं असतं हे माझ्या लक्षात आलं नाही."