पाण्यावरून गेलेली फौज

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्याला तांडेल म्हणायचे. वीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढून तो किनाऱ्याला लागला होता आणि आता दिवसभर खुर्चीत बसून गेममधल्या चुका शोधायचा. नवा गेम जुन्या जपानातल्या सरदारांच्या लढायांचा होता.

"जहाजांच्या लढाया काढून टाकतोय," साहेब म्हणाला. साहेब वयाने त्याच्या मुलाएवढा. "लोकांना कंटाळा येतो. हा तलवारींचा गेम आहे."

"अहो, सगळा मुलूख बेटांचा! फौज पलीकडे जाणार कशी?"

"किनाऱ्यावर क्लिक केलं की पलीकडे."

तांडेलाचं टाळकं सटकलं. "कंटाळा येईल नाहीतर काय? तुमची जहाजं रिक्षासारखी जागच्या जागी वळतात. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"समुद्राचा फारच पुळका तुम्हाला."

"पुळका? तोंड बघत नाही मी त्याचं!" खोटं नव्हतं. खिडकीतून बंदर दिसतं म्हणून त्याने टेबलसुद्धा भिंतीकडे फिरवून घेतलं होतं.

दुपारी गेममध्ये बदल झाला. तांडेलाने क्लिक केलं, आणि दहा हजारांची फौज पलीकडच्या बेटावर कोरडीठाक उभी राहिली. चुकांच्या यादीत त्याने लिहिलं, "एकही माणूस बुडाला नाही."

साहेबाचं उत्तर लगेच आलं, "ही चूक नाही, सोय आहे."

तांडेल उठला आणि दार न वाजवताच साहेबाच्या केबिनमध्ये शिरला.

"एवढ्याशाच पाण्यात माझा धाकटा भाऊ गेला. तेव्हा कुठे मेली होती तुमची सोय?"