काश्मीरचं रॉकेल

आमच्या शेजाऱ्यांनी लष्करी लिलावातला जुना ट्रक घेऊन त्यात खाट, स्टोव्ह, अगदी पडद्यांसकट संसार मांडला होता. हिवाळा काश्मीरला काढायचा, म्हणून दरवर्षी ते ट्रकला रॉकेलची आणखी एक टाकी जोडत. "थंडीशी थट्टा नको हो," असं पनवेलच्या उकाड्यात घाम पुसत मला बजावत. ट्रक एकदाच हलला, तोही काश्मीरच्या उलट दिशेला, कर्नाळ्यापर्यंत.

एके सकाळी ते रिकामी बाटली घेऊन आमच्या दारात उभे राहिले. वहिनी हिवतापाने कुडकुडत होत्या आणि काढा उकळायला घरात रॉकेल नव्हतं.

"अहो, पण ट्रकच्या टाक्या भरलेल्या आहेत ना?"

"ते थंडीसाठी राखून ठेवलंय," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "इथे कुणाला वाजतेय थंडी?"